सिंथ की वर्कस्टेशन? या चुका टाळा, निदान नव्या तरी करा

इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेताना सिंथ घ्यावा की वर्कस्टेशन, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मोबाइलवर दोन मॉडेलांचे तक्ते उघडे असतात. एकात १२८ पॉलिफनी (वाद्य एका वेळी जास्तीत जास्त किती सूर वाजवू शकतं तो आकडा), दुसऱ्यात २५६. एकात तीन हजार आवाज, दुसऱ्यात सहा हजार. मी विचारतो, "वाजवणार कुठे, स्टेजवर की स्टुडिओत?" उत्तर ठरलेलं: "दोन्हीकडे." मग विचारतो, "एका कार्यक्रमात किती आवाज लागतात?" यावर बहुतेक जण गप्प होतात. कारण खरा आकडा दहा-बाराच्या वर क्वचितच जातो.

तक्ता बघून वाद्य घेणं ही पहिली चूक. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ मध्ये जेमतेम ३२ आवाज साठवता यायचे, एका वेळी १६ सूर वाजायचे आणि घुमारा-प्रतिध्वनीसारखा इफेक्ट तर एकही नव्हता. तरी त्या दशकातल्या निम्म्या गाण्यांत त्याचा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो असं वाटावं, इतका तो वाजला. १९७० चा मिनीमूग तर एका वेळी एकच सूर काढतो, आणि बेससाठी लोक आजही त्याच्याकडेच वळतात. मग १९८८ मध्ये कॉर्ग एम१ आला. आवाज, ड्रम, इफेक्ट आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून थरावर थर चढवत परत वाजवणारा भाग), सगळं एकाच खोक्यात. वर्कस्टेशन म्हणजे काय, हे लोकांना खऱ्या अर्थाने त्याने समजावलं. सिंथ आवाज घडवायला, वर्कस्टेशन अख्खं गाणं बांधायला. एवढा फरक डोक्यात ठेवला तरी अर्धं काम होतं.

पॉलिफनीचा आकडा वाचायचाच असेल तर हिशोब करून वाचा. स्टिरिओ पियानोचा एक सूर साधारण दोन व्हॉइस, म्हणजे त्या आकड्यातले दोन, खातो. त्यावर स्टिरिओ स्ट्रिंग्ज आणि दोन स्टिरिओ पॅड (मागे भरून राहणारे लांब, मऊ आवाज) चढवले की एका पट्टीला आठ. म्हणजे ६४ पॉलिफनीच्या वाद्यावर आठ सूर झाले की खेळ खल्लास. सस्टेन पेडल दाबून ठेवलं असेल तर आठ सूर दोन मात्रांत संपतात. मग नवा सूर वाजवण्यासाठी वाद्य जुना सूर गिळतं आणि आपण म्हणतो, "वाद्य खराब आहे." वाद्य खराब नसतं, चार आवाज एकावर एक आपणच रचलेले असतात.

यावरून माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीवर येतो: घरी हेडफोन लावून बनवलेला आवाज जसाच्या तसा स्टेजवर नेणं.

ही मी स्वतः केलेली आहे, साग्रसंगीत. पहिलं मोठं वर्कस्टेशन घेतलं तेव्हा आठवडाभर बसून एक मिश्र आवाज बांधला होता. उजवीकडे पियानो, त्याखाली स्ट्रिंग्ज, त्याखाली हलका पॅड, पट्ट्यांचे दोन भाग करून (स्प्लिट) डाव्या हाताला बेस, आणि सगळ्यावर देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तसा रिव्हर्ब. हेडफोनमध्ये ऐकून मीच मला दाद देत होतो. कार्यक्रमात दुसऱ्या गाण्यापासून बेस गिटारवाला माझ्याकडे रोखून बघायला लागला. तिसऱ्या गाण्यात साउंडवाल्याने माझा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) हळूहळू खाली ओढला. मला ऐकू येईना म्हणून मी आवाज वाढवला, त्याने आणखी ओढला. शेवटपर्यंत आमची ही रस्सीखेच चालू. रेकॉर्डिंग ऐकलं तर माझा पियानो पाण्याच्या टाकीत बसून वाजवल्यासारखा! आणि त्यातही पोकळ, कारण डावी आणि उजवी अशा दोन्ही केबल घेऊन मिक्सरवर त्या मधोमध एकत्र केल्या होत्या. हेडफोनमध्ये ऐसपैस वाटणारे बरेच स्टिरिओ पियानो असे मोनो झाले की एकमेकांचेच सूर खोडून टाकतात.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. स्टेजसाठी प्रत्येक आवाजाची वेगळी प्रत करतो. तिच्यातला रिव्हर्ब बंद, हॉल स्वतःचा रिव्हर्ब फुकट देतोच. पियानोचा खालचा भाग साधारण १५० हर्ट्झपासून कापतो. बँडमध्ये बेसवाला असेल तर डावा हात आवरतो. मिक्सर मोनो असेल तर एकच केबल, ज्या भोकावर 'मोनो' लिहिलंय त्यातच. शिवाय सगळे आवाज एका पातळीवर आणून ठेवतो, नाहीतर ऑर्गनवरून बासरीवर गेलं की बासरी गायब. घरी एकट्याने ऐकला तर हा आवाज कोरडा आणि किरकोळ वाटतो. वाटू दे.

नवशिक्यांना हे सांगितलं की चेहरा पडतो. त्यांना कंपनीने भरून दिलेला पहिल्या क्रमांकाचा आवाज हवा असतो, जो दुकानात एक पट्टी दाबली की अख्खा सिनेमा सुरू करतो. तो आवाज वाद्य विकण्यासाठी बनवलेला असतो, वाजवण्यासाठी नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

आवाज बदलतानाची गोष्टही दुकानातच तपासा. एक सूर धरून ठेवा आणि दुसरा आवाज निवडा. काही वाद्यं धरलेला सूर आणि त्याची शेपूट शांतपणे संपू देतात, काही खाडकन तोडतात. स्टुडिओत याने काडीचा फरक पडत नाही. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये तो खड्डा सगळ्यांना ऐकू येतो.

सिक्वेन्सरसाठी वर्कस्टेशन घेणाऱ्यांना एकच प्रश्न: घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करता ना? मग छोट्या पडद्यावर ट्रॅक जुळवत बसणार कोण? यामाहाने २०१६ मध्ये मोटिफ या आपल्या वर्कस्टेशननंतर मोंटाज आणला, तेव्हा मोटिफसारखा भरगच्च सिक्वेन्सर त्यात ठेवलाच नाही.

वजनाबद्दलही जरा बोलू. मोंटाजचंच ८८ पट्ट्यांचं रूप २९ किलो, ६१ पट्ट्यांचं १५ किलो. आतला आवाज तोच. पियानो हे मुख्य काम असेल तर हॅमर अ‍ॅक्शनला, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या वजनदार पट्ट्यांना, पर्याय नाही. ऑर्गन आणि लीड (पुढे येणारी मुख्य धून) वाजवणाऱ्याने मात्र जिना चढताना माझी आठवण काढावी.

आता स्टुडिओतली लाडकी चूक. एका रेकॉर्डिंगला वाद्य यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलं आणि पियानो पत्र्याच्या नळीतून यावा तसा यायला लागला. मध्येच सूर गळत होते. केबल बदलली. इंटरफेस बदलला. ड्रायव्हर पुन्हा टाकला. दोन तास गेले, गायक चहा पिऊन कंटाळला. शेवटी कळलं की प्रत्येक सूर दोनदा वाजत होता. एकदा पट्टी दाबल्यावर थेट, आणि दुसऱ्यांदा तोच सूर मिडीवरून (कोणती पट्टी दाबली हा संदेश नेणारी वाट) सॉफ्टवेअरमध्ये जाऊन परत आल्यावर. मध्ये काही मिलिसेकंदांचं अंतर, म्हणून तो पत्र्याचा आवाज. दुप्पट सूर, म्हणून पॉलिफनी अर्धी. उपाय मेन्यूत एका ओळीचा: लोकल कंट्रोल बंद. पट्ट्या आणि आतला आवाज यांचा थेट संबंध त्याने तुटतो, आणि सूर फक्त सॉफ्टवेअरमार्गे येतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी साउंडचेकला वाद्य चालू केलं, पडदा उजळला, पट्ट्या दाबल्या, आणि शांतता. साउंडवाला केबल तपासतोय, मी व्हॉल्यूम फिरवतोय. आदल्या दिवशी लोकल बंद करून मी ती सेटिंग सेव्हही केली होती. काही वाद्यं बंद-चालू केल्यावर लोकल आपोआप चालू करतात, काही तुमचा शब्द प्रमाण मानतात. माझं दुसऱ्या जातीचं निघालं. आता वाद्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर 'लोकल?' असं लिहिलंय. लोक हसतात.

बाकीच्या चुका पटापट.

वाद्य चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. बरीच वाद्यं त्याच क्षणी पेडलची दिशा ठरवतात. पाय असला की सगळं उलटं, सोडलं की सूर लांबतो आणि दाबलं की तुटतो. तसं झालं तर पाय काढून वाद्य पुन्हा चालू करा. कंपनीगणिक पेडलची दिशा वेगळी असते, तेव्हा उसनं पेडल नेहमी आधी तपासा.

कार्यक्रमाच्या आठवड्यात सिस्टिम अपडेट करू नका. कधीच नाही.

आपले आवाज पेनड्राइव्हवर ठेवा, आणि पेनड्राइव्ह दोन ठेवा.

लॅपटॉप जोडल्यावर घूं आवाज आला तर चार्जर काढून बघा. गेला, तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येणारी गुणगुण) आहे, डीआय बॉक्स (वाद्य किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायचं, ती वाट तोडणारं छोटं खोकं) लावा.

आणि दुकानात वाद्य बंद करून परत चालू करायला सांगा, हातात घड्याळ धरून. मोठी वर्कस्टेशन आतून कॉम्प्युटरच असतात, काहींना जागं व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. भर गाण्यात कोणाच्या तरी पायाने प्लग निघाला, तेव्हा माझं पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह दाखवत बसलं होतं आणि ढोलकीवाला एकटाच वाजवत होता.