दूधसागरच्या घळीत उतरताना पाण्याची खूण ठेवावी

सोलापूरहून विजापूर, गदग, हुबळीमार्गे रेल्वेने गोव्यातील कुळेपर्यंत जाता येते आणि तेथून भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानातील दूधसागर धबधब्याकडे जीप मिळते. पावसाळ्यात जीप बंद असतात. त्यामुळे ऑक्टोबरनंतर जाणे सोयीचे. जवळची वाट म्हणून रूळांवरून चालत जाऊ नये, कारण रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडचा ओढा आभाळ भरून आले की सावध करतो; मात्र ३१० मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या या धबधब्याचे पाणी वरच्या कर्नाटकातील घाटातून येत असल्याने, डोक्यावर लख्ख ऊन असतानाही घळीतील पातळी अचानक वाढू शकते. म्हणून डोहापाशी पोहोचताच काठावरचा, पाणी नेमके टेकलेला एखादा दगड हेरून ठेवावा. तो बुडू लागला, पाणी गढुळले किंवा पाला आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, तर सामान आवरत न बसता उंचावर जावे. वनरक्षकांनी सांगितलेले जीवरक्षक जाकीट पोहता येत असले तरी घालावेच, कारण सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात पोहण्याचा सराव इथल्या प्रवाहात फारसा कामी येत नाही.

शेवटचा टप्पा शेवाळलेल्या खडकांवरून पायीच जातो, तेव्हा मागे पट्टा असलेले, खाचदार तळव्याचे बूट घालावेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र बंद डब्यातच न्यावी. तेथील माकडे हातातली पिशवी सहज ओढून नेतात.