बार्बाडोसला हॉटेल घेताना आधी तिथली माणसं बघा

महाबळेश्वरचं एकच हॉटेल मे महिन्यात वेगळं आणि जुलैत वेगळं, हे सातारकरांना सांगायला नको. मेमध्ये जेवणघरात पोरांचा गलका, जुलैत धुक्यात चहा घेत बसलेली चार जोडपी. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरच्या महागड्या हॉटेलांचंही असंच आहे, फक्त तिथे आठवडा चुकला तर लाखांत फटका बसतो. म्हणून फोटो आणि तारे नंतर बघा. त्या आठवड्यात तिथे कोण उतरतं, ते आधी विचारा.

बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं. सातारा जिल्ह्यात अशी चोवीस बसतील. पण बाजू बदलली की हवा बदलते. पश्चिमेला सेंट जेम्स आणि सेंट पीटर या भागांत समुद्र कासच्या तलावासारखा शांत, आणि बडी हॉटेलं बहुतेक इथेच. सँडी लेन हे नावाजलेलं हॉटेल १९६१ साली इथेच सुरू झालं. इथलं गिऱ्हाईक आजही मुख्यतः ब्रिटिश, पन्नाशीपुढचं, आणि त्यातले बरेच जण दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच खोलीत येणारे. वेटर त्यांना नावानं ओळखतो. नवख्याला पहिले दोन दिवस परकं वाटतं. सकाळी समोर येईल त्याला आपण होऊन ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागा, फरक लगेच दिसेल. नमस्कार न करता थेट काम सांगणं त्या बेटावर उद्धटपणाचं समजतात. दक्षिणेला क्राइस्ट चर्चकडे तरुण मंडळी, संगीत, आणि भाडंही कमी. पूर्वेला बॅथशीबाच्या लाटा बघण्यासाठी आहेत, पोहण्यासाठी नाहीत.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेजी. नाताळ ते नववर्ष दर सर्वांत चढे, वर किमान मुक्कामाची अट. शांतता हवी असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध घ्या. फेब्रुवारीच्या मध्याला इंग्लंडच्या शाळांना सुट्टी लागते आणि मुलांची गर्दी होते. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. २०२४ चा विश्वचषक जिंकल्यावर आपला संघ तिथे अडकून पडला होता, तो यामुळेच. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये ‘क्रॉप ओव्हर’ असतो, म्हणजे मुळात उसाचा गळीत हंगाम संपल्याचा उत्सव. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसानं तो एकदा तरी बघावा. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मोठी मिरवणूक निघते.

पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट मेल करा. त्या तारखांना किती वयाची मुलं चालतात? रात्रीच्या जेवणघरात त्यांना प्रवेश आहे का? दरात जेवण कोणतं, आणि सेवाशुल्क व कर धरलेत का? शेवटचा प्रश्न विसरला की बिलाच्या वेळी वाद होतो. सेवाशुल्क बिलात असेल तर वेगळी टिप बंधनकारक नाही. एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर ठरलेला आहे, पण मेन्यूवरची किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे ते विचारूनच ऑर्डर द्या. फोन करायचा तर सांगलीत संध्याकाळी साडेसात वाजता करा, तिथे सकाळचे दहा असतात.

दहा-बारा जणांचं कुटुंब असेल, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, तर हॉटेलचा हट्ट सोडा आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या होलटाउन गावाजवळ स्वयंपाक्यासह बंगला घ्या. एका टेबलावर बारा जण मोठ्यानं बोलायला लागले की या हॉटेलांत माना वळतात, आणि मग आपलीच माणसं संकोचून जेवतात. स्पीकरवर व्हिडिओ कॉल लॉबीत नको, खोलीत करा.

पुरुषांसाठी फुल पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट न्याच. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळनंतर हाफ पँट-चपलेवर जेवणघरात घेत नाहीत. साडी कुठेही चालते, शोभतेही. लष्करी छापाचे कपडे मात्र लहान मुलाचेसुद्धा नेऊ नका, तिथे कायद्यानं बंदी आहे. वीज ११५ व्होल्टची, त्यामुळे आपली २३० व्होल्टची किटली पाणी नीट तापवत नाही. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

शाकाहारी असाल तर ‘कू-कू’ मागा. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात चपट्या लाकडी काठीनं सारखं घोटत शिजवतात, गुठळी होऊ देत नाहीत, आणि लोण्याचा हात फिरवलेल्या वाडग्यातून ताटात उपडं करतात. सोबतचा मासा नको म्हणून आधीच सांगा. भात-शेंगांच्या पदार्थात मात्र अनेकदा खारवलेलं डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. पिवळा मिरचीचा सॉस कोल्हापुरी जिभेलाही झोंबतो, आधी थेंबभरच घ्या.

किनारे सगळे सार्वजनिक आहेत, हॉटेलसमोरचेही. तिथे स्थानिक माणसं पोहायला येतात, फेरीवाले फिरतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा मारलेलं झाड दिसलं तर ते मँचिनील. पाऊस आला तरी त्याखाली उभं राहायचं नाही. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं कातडीला फोड येतात, आणि हिरव्या सफरचंदासारखं दिसणारं त्याचं फळ विषारी असतं. मुलांना पहिल्याच दिवशी हे झाड दाखवून ठेवा.