एमजीबीचा डॅश उघडण्याआधी, आणि तो लाल बल्ब

एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्या डॅशबोर्डवरच्या मीटरचे अंधुक बल्ब काढून एलईडी घालायचे असतील तर आधी हे वाचा. बॅटरी आधी काढा, हे सांगायला लागू नये. सीटच्या मागे झाकणाखाली असते, १९७४ च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन. अर्थची क्लिप सोडवा, पुढे चला.

आता खरं काम. एक लाल चिकटपट्टी घ्या, आरपीएम मीटरच्या मागे हात घाला आणि ज्या होल्डरला दोन वायरी येतात, एक पांढरी आणि एक तपकिरी-पिवळी, त्या होल्डरला ती पट्टी गुंडाळा. तो इग्निशनच्या लाल दिव्याचा होल्डर. त्याला हात लावायचा नाही. मीटर उजळवणाऱ्या बल्बला एकच वायर येते, लाल-पांढरी, आणि अर्थ मीटरच्या डब्यातून मिळतं, म्हणून फरक ओळखायला सोपा आहे, पण अंधारात उलटं झोपून एकामागून एक होल्डर ओढत गेलात की लक्षात राहत नाही. बल्ब तर दोन्हीकडे सारखाच निघतो. माझं तेच झालं. एलईडीचं पाकीट हातात होतं, सगळे बदलले, तोही बदलला.

आणि तो दिवा शोभेचा नाही हो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीला, सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. २.२ वॉटचा बल्ब म्हणजे जेमतेम ०.१८ अँपिअर, पण तेवढ्यावर १६एसीआर अल्टरनेटर जागा होतो आणि मग स्वतःचं स्वतः चालवतो. एलईडीतून जातात काही मिलिअँपिअर, त्याने रोटरला काही होत नाही. माझा एलईडी शिवाय उलट्या पोलॅरिटीने (प्लस-मायनस उलट) बसला होता, म्हणजे करंट शून्य, आणि दिवा लागणारही नाही. मी काय समजलो, लाल दिवा विझलेला आहे म्हणजे चार्जिंग चालू आहे. किल्ली फिरवल्यावर तो आधी लागला का, हे बघितलंच नाही.

दिवसा काही कळलं नाही, बॅटरी भरलेली होती. नोव्हेंबरची संध्याकाळ, विंचेस्टरहून परत येताना ए३४ वर हेडलाइट लावले, वायपर लावले, आणि न्यूबरीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडायला लागले, इंडिकेटर आधी हळू झाला मग थांबलाच, इंजिन अडखळायला लागलं, कशीबशी गाडी ले-बायमध्ये, रस्त्याकडेच्या थांब्याच्या जागेत, घेतली. शेजारी आई होती, पुण्याहून महिनाभरासाठी आलेली, छप्पर कापडाचं, हीटर बंद. अडीच तास थांबलो मदतीची गाडी येईपर्यंत. ती काही बोलली नाही, शाल गुंडाळून बसून राहिली, आणि मला अजून ते आठवलं की बरं वाटत नाही. एका बल्बपायी. म्हणून म्हणतो, चिकटपट्टी.

आता बल्ब मागवण्याआधी गाडी कुठल्या सालची ते बघा. अबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० एमजीबी निघत होत्या आणि १९६७ च्या शेवटापर्यंतच्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं, तिथे साधा एलईडी लागणारच नाही, दोन्ही बाजूंनी चालणारा मागवा. खरं तर कुठल्याही गाडीला तसाच मागवा, थोडेच पैसे जास्त जातात. बूड ई१०, दहा मिलिमीटर आट्यांचं. आणि नुसत्या टोकाला प्रकाश असलेला घेऊ नका. या गाडीतल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये उजेड डब्याच्या आतल्या भिंतीवरून परावर्तित होऊन डायलवर येतो, टोकावरचा एलईडी एकाच ठिकाणी भगभगीत ठिपका पाडतो आणि बाकी डायल काळा. बाजूंनीही चिप असलेला हवा. रंग वॉर्म व्हाइट. निळसर पांढरा लावलात तर पन्नास वर्षांची गाडी मोबाइलच्या दुकानासारखी दिसते, मला सहन होत नाही. निळा हाय बीमचा दिवा स्पीडोमीटरमध्ये असतो, तोही जुनाच राहू दे, एलईडीने रात्री डोळ्यात खुपतो.

पण थांबा, कदाचित एलईडी लागणारच नाहीत. अंधुक उजेडाचं अर्धं कारण घाण असते. मंद-प्रखर करायचं ते गोल बटण, रिओस्टॅट, आतून गंजलेलं असतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीसदा मागेपुढे फिरवा. होल्डर काढून त्याची पितळी कड घासा, डब्यावर जिथे टेकते ती जागा घासा, काळी अर्थ वायर मीटरच्या मागच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा. जुने बल्ब आतून काळे झालेले असतात, नवे तसलेच घालून बघा, स्वस्त आहेत. एवढ्याने भागलं तर देव पावला. आणि एलईडी लावलेत तर रिओस्टॅट जवळजवळ निरुपयोगी होतो, एलईडी इतका कमी करंट घेतो की रिओस्टॅटमध्ये व्होल्टेज कमी होतच नाही, पूर्ण उजेड किंवा बंद एवढंच.

हत्यारं फारशी नाहीत. डोक्याला बांधायची टॉर्च, पाठीखाली जुनी चादर, मल्टिमीटर, आणि काढण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो. घड्याळ, अंगठी काढा. स्पीडोमीटर बाहेर घ्यायचाच असेल तर केबलचं नट बोटांनी सुटतं, पक्कड लावू नका.

तेल आणि पाण्याचं जोडमीटर मात्र जागेवरून हलवू नका. पाण्याच्या तापमानाची बारीक नळी इथरने भरलेली, बंद असते, एकदा मुडपली की मीटर मेलं आणि दुरुस्ती महाग. तेलाच्या नळीत खरंखुरं इंजिन ऑइल असतं, ती सोडलीत तर कार्पेट गेलं. बल्बचा होल्डर मागून ओढून निघतो, मीटर काढायची गरजच नाही.

बदलताना एक काढा एक घाला, सगळे एकदम उपटू नका. चिकटपट्टीवाला सोडून. सोडून!

आणि त्या लाल दिव्याच्या जागी आधीच कुणी एलईडी घातलेला असेल, सेकंडहँड गाडीत असतो, तर तो काढून साधा २.२ वॉटचा घाला. अगदीच काढायचा नसेल तर त्या दोन वायरींच्या मध्ये ६८ ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर समांतर जोडा, तापतो, प्लास्टिकपासून लांब ठेवा. मी मात्र बल्बच ठेवतो. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जुन्या गाड्यांत हा प्रश्न नाही, डायनॅमो बल्बविना जागा होतो.

मग बॅटरी जोडा, पार्किंग लाइट लावा, सगळे डायल उजळले का बघा, एखादा नाही लागला तर होल्डर फिरवून दाबा. किल्ली फिरवा: लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू करा: विझला पाहिजे. मल्टिमीटर बॅटरीवर, इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना थोडी रेस देऊन १४ च्या आसपास. १२ वरच अडकला असेल तर परत आरपीएम मीटरच्या मागे. हेडलाइट लावून पुन्हा मोजा. बाकी फोटो बघून लावा.