वायरिंगच्या कामात नवीन आहात? मग परत परत येणाऱ्या जुन्या गाडीबद्दल थोडं ऐका

आयटीआयला दोन वर्षं मेकॅनिक मोटर व्हेईकल करून पोरं कामाला लागतात तेव्हा ओहमचा नियम तोंडपाठ असतो, सेल्फ (स्टार्टर मोटर) खोलून आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, पण काढून दाखवतात, पण पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी आली आणि मालक म्हणाला "भाऊ तोच प्रॉब्लेम परत आला, बॅटरी पण नवीन टाकली" की पोरगं गप्प होतं. आणि अशा गाड्या येतच राहणार. प्रायव्हेट गाडीची आरसी १५ वर्षांनी संपते, मग रीपासिंग करून ५ वर्षं वाढवून मिळतात, त्यामुळे लोक गाडी काढत नाहीत, आणि रीपासिंगच्या आधी हॉर्न वायपर इंडिकेटर ब्रेक लाईट सगळं चालू करून द्या म्हणून आपल्याकडेच येतात.

माझं म्हणणं सरळ आहे. फॉल्ट परत येतोय म्हणजे आधीच्याने पार्ट बदललाय, कारण शोधलेलं नाही. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार. म्हणून पाना उचलायच्या आधी मालकाला विचारायचं, कधी होतं? पावसात होतं का, गाडी तापल्यावर होतं का, खड्ड्यात आदळल्यावर होतं का, दोन दिवस उभी राहिल्यावर होतं का. आणि शेवटचं काम काय करून घेतलं, म्हणजे रिव्हर्स हॉर्न, सेंट्रल लॉक, गाण्याचा नवीन टेप, फॉग लॅम्प. निम्म्या गाड्यांचं उत्तर या शेवटच्या प्रश्नातच निघतं, कारण टेपवाल्याने कुठलीतरी वायर सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळलेली असते आणि दोन उन्हाळ्यांत ती टेप चिकट होऊन सुटते.

हत्यारं फार लागत नाहीत. एक बरा डिजिटल मीटर, एक टेस्ट लॅम्प, एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट आणि त्याला दोन वायरी, झालं. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घ्यायचा असेल तर डीसी अँपिअर दाखवणाराच घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात आणि गाडीत ते शोभेला पण नाहीत.

आता मोजायचं कसं. इंजिन बंद, गाडी काही तास उभी असेल तर चांगली चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली. गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ पाहिजे, तेवढे येत असतील तर डायनॅमो (अल्टरनेटर) चार्ज करतोय. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. इथपर्यंत सगळ्यांना येतं, पुढचं कोणी करत नाही, ते म्हणजे लोड देऊन व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट जाताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते, बघणं. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, म्हणजे थेट शिशाच्या पोलवर, थिंबलवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या तुकड्यावर) नाही, आणि दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी (इंजिन, बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह जोडणारी, करंट परतायची वाट) गेली समजा, मग ती वरून कितीही चकचकीत असो. बीप लावून कंटिन्युइटी, म्हणजे वायर नुसती जोडलेली आहे का, एवढंच बघाल तर फसाल, कारण वायरीतल्या पन्नास तारांपैकी एक जरी जोडलेली असली तरी मीटर बीप देतो, पण सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून कुठून जाणार?

अर्थ गेल्यावर गाडी काय काय नाटकं करते ते बघण्यासारखं असतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, पार्किंग लाईट लावली की काट्यावर पेट्रोल कमी-जास्त दिसतं, कारण करंट परतायचा रस्ता बंद झाला की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मी एक गाडी अशी पाहिलीये की सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागायची. इंजिनची अर्थ पट्टी आतून हिरवी भुकटी झालेली, त्यामुळे सेल्फचा करंट त्या बारक्या केबलमधून बॉडीला जात होता. त्याआधी सेल्फ बदलून झाला होता, बॅटरी बदलून झाली होती, केबल पण दोनदा जाम झाली म्हणून बदललेली! बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने खरडून नवीन पट्टी टाकली, बोल्ट घट्ट केला, वर ग्रीस लावलं. किनारपट्टीला, रत्नागिरी-अलिबाग साईडला खारी हवा असते तिकडे तर गाडी आली की आधी अर्थच बघायचा.

बॅटरी उतरते ही दुसरी नेहमीची तक्रार. चावी काढायची, दारं बंद, बॉनेटचा लाईट असेल तर तो काढायचा, निगेटिव्ह केबल सोडून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, पोल आणि केबलच्या मधे जोडायचा. बंद गाडीत बॅटरीतून जाणारा करंट, म्हणजे ड्रेन, ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर नॉर्मल. मीटर असा लावलेला असताना चुकून सेल्फ किंवा हेडलाईट लावू नका, मीटरचा आतला फ्यूज उडतो, मग मीटर शून्य दाखवतो आणि पोरगं सांगतं ड्रेन नाही. ड्रेन दिसला की एक एक फ्यूज उपसत जायचं, ज्याने आकडा पडेल तिकडे चोर. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर डायनॅमोची जाड वायर सोडून बघा. आतला डायोड लीक असला तर बॅटरी रात्रभर त्यातूनच रिकामी होत असते आणि दिवसा चार्जिंग जवळजवळ व्यवस्थित दिसतं, म्हणून हा फॉल्ट वर्षानुवर्षं निसटतो. हिशोब करा, ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर, छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी धक्क्यावर.

फ्यूज परत परत उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकायचा नाही. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, हे रंग पाठ करा, कारण १० च्या जागी ३० चा हिरवा बसवलेला दिसणार, जुन्या काचेच्या फ्यूजवर तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडते. फ्यूज उडायचा थांबतो पण वायर जळते. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा, त्या लाईनवरचं सगळं बंद ठेवा. शॉर्ट असला की बल्ब पूर्ण पेटतो. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) ठिकठिकाणी हलवत जायचं, जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल तिथेच सोललेली वायर. हॅचबॅकमध्ये आधी डिकीच्या बिजागरीजवळचा रबरी पाईप सरकवून बघा, उघड-बंद होऊन आतल्या वायरी तिथेच मोडतात. पावसाळ्यात उंदीर पण असतात, ते बॉनेटखाली ऊब बघून बसतात आणि वायरी कुरतडतात.

हेडलाईटचा स्विच वितळतो ही तक्रार आली तर बल्ब काढून नंबर वाचा. ६०/५५ च्या जागी १००/९० टाकलेला असेल तर दोन्ही मिळून १० ऐवजी जवळपास १७ अँपिअर त्या जुन्या स्विचमधून जातायत. रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावा नाहीतर मूळ बल्ब टाका. रिलेचं सोपं आहे, त्याच्या पिनांवर नंबर असतात, ८५-८६ ला कॉइल, ३० ला बॅटरीची लाईन फ्यूज घालून, ८७ ला बल्ब.

जोड मारताना थिंबल क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, वर हीट श्रिंक स्लीव्ह. घरगुती फिटिंगची वायर गाडीत घालू नका, तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, थरथरीने तुटतात, ऑईल लागलं की इन्सुलेशन पण टिकत नाही. आणि चालू गाडीत बॅटरीची केबल काढून डायनॅमो चेक करायची जुन्या उस्तादांची पद्धत अजिबात उचलू नका. कार्बोरेटरच्या गाडीत खपून जायचं, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीत व्होल्टेजचा झटका बसून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडाला तर तो भरून देताना घाम फुटतो.

पैशाचं आधीच बोलून घ्यायचं. शोधायची मजुरी वेगळी, पार्ट लागला तर वेगळा, हे गाडी आत घ्यायच्या आधी. काही लोक कुरकुरतात, "नुसतं बघायचे पैसे?" म्हणतात, निघून जातात, जाऊ दे. जे थांबतात त्यांच्या बिलावर आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून द्या, म्हणजे गाडी सहा महिन्यांनी आली तरी परत पहिल्यापासून खोलत बसावं लागत नाही.