लोकरीचे कपडे ठेवणीत ठेवण्यापूर्वी

होळीच्या सुमारास स्वेटर, शाली आणि कानटोप्या कपाटात जातात. एखादाच दिवस वापरलेला स्वेटरही तेव्हा धुऊनच ठेवावा, कारण लोकर कुरतडणाऱ्या कसरीच्या अळ्या घामाच्या आणि अन्नाच्या न दिसणाऱ्या डागांवर आधी तुटून पडतात. त्यासाठी गार पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण वापरावा, कपडा पिळू नये, तर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबतो. शिवणी व काखेचा भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घडी घालण्याची घाई मुळीच करू नये, कारण राहिलेली ओल पुढे पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण देते.

घड्या धुतलेल्या जुन्या सुती ओढणीत किंवा धोतरात बांधाव्यात. डांबराच्या गोळ्या वापरायच्याच असतील, तर त्या पुरचुंडीत बांधून कपड्यांना न लागतील अशा ठेवाव्यात आणि त्यांच्या जोडीला कापूर कधीही ठेवू नये. दोन्ही एकत्र आल्यास वितळून डाग पडू शकतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ मात्र या गोळ्या अजिबात नकोत, कारण काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशींना त्यांच्यामुळे गंभीर इजा होते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत, सर्व घड्या उघडून झटकाव्यात आणि वेगळ्या रेषेवर पुन्हा घालाव्यात.