बेडरूममध्ये स्टुडिओ मॉनिटर: आधी खोली, मग स्पीकर

घरी गाणी मिक्स करायला स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे आवाज न रंगवता ऐकवणारे स्पीकर, लावताय? मग अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. एक इंची फोमही नको. दोन्हींमुळे फक्त वरचे, चरचरीत आवाज मरतात, बास (खालचे, जाड सूर) आहे तसाच घुमत राहतो आणि खोली उलट जास्त बद्द वाटायला लागते. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये ही अपेक्षाही यातून पुरी होणार नाही. त्यासाठी वजनदार भिंत लागते, तो वेगळा खर्च आहे.

आपल्याकडची नेहमीची खोली धरू: १० बाय १२ फूट, टाइल्स, प्लास्टरच्या कोऱ्या भिंती, एक सरकती खिडकी.

मॉनिटर

एवढ्या खोलीला ५ इंची वूफर (बास वाजवणारा मोठा पडदा) पुरतो. ८ इंची जोडी आणलीत तर बास सुधारणार नाही, ढणढणाट वाढेल. पत्रकावरचा खालचा आकडा, म्हणजे स्पीकर किती हर्ट्झपर्यंत खाली जातो ते, वाचताना तो किती डेसिबल उतारावर (आवाज किती पडल्यावर) मोजलाय ते बघा. यामाहा एचएस५ची '५४ हर्ट्झ' ही मर्यादा उणे १० डेसिबलची आहे. उणे ३ला तोच स्पीकर ७४ हर्ट्झवर थांबतो. त्याच्या खालचं हेडफोनवर तपासायचं, त्यात लाज कसली. आणि बजेट ठरलेलं असेल तर एक पायरी खालचे मॉनिटर घेऊन उरलेले पैसे रॉकवूलमध्ये (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीत) घाला.

केबल बॅलन्स्ड (बाहेरची घरघर गाळणारी) घ्या. घरघर आली तर अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याचा बाकीचा सल्लाही ऐकू नका.

जागा: गाडं अडतं ते इथे

१२ फुटांच्या लांबीत ४७ आणि ९४ हर्ट्झला लाटा अडकतात, १० फुटांच्या रुंदीत ५६ आणि ११३ला. बास गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे तो एक सूर लागला की खोली हुंकारते, आजूबाजूचे सूर पातळ लागतात. मग मिक्स करणारा ए दाबत बसतो आणि गाडीत ऐकलं की तोच सूर गायब. दोष कानांचा नाही, खुर्चीच्या जागेचा.

टेबल १० फुटी भिंतीकडे, तेही मधोमध. आवाज लांबीच्या दिशेने गेला पाहिजे. पलंग हलवायचा नाही म्हणून टेबल कोपऱ्यात सारलं, तर कोपऱ्यातला स्पीकर बासने फुगतो, दुसरा कोरडा राहतो आणि डावं-उजवं कधीच जुळत नाही. पलंग हलवा. लोखंडी कपाटही बाहेर न्या. नाही जमलं तर त्याच्या दारांत फेल्टच्या पट्ट्या घाला, नाहीतर ते प्रत्येक किक ड्रमला साथ देईल.

खोलीच्या लांबीच्या मध्यावर बसू नका, तिथे ४७ हर्ट्झला खड्डा असतो, तो सूर जवळपास गायब होतो. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे सगळ्याच लाटा उसळतात. सुरुवात समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर करा: इथे साडेचार फूट, म्हणजे सुमारे १३७ सेंमी. हा आकडा देवाची आज्ञा नाही, फक्त सुरुवात आहे.

आता स्पीकर भिंतीपासून किती लांब? 'भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि छोट्या खोलीत तो घात करतो. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खोडतो. कुठे, ते ३४३ला स्पीकरच्या पुढच्या बाजूच्या भिंतीपासूनच्या अंतराच्या (मीटरमध्ये) चौपटीने भागलं की कळतं. ६० सेंमीला खड्डा १४३ हर्ट्झवर, ८५ सेंमीला १००वर. ऐन डग्ग्याच्या आणि पुरुष आवाजाच्या पट्ट्यात! त्याऐवजी स्पीकर मागे न्या: १० सेंमी रॉकवूलचं पॅनेल (कसं करायचं ते पुढे), पाठच्या छिद्रासाठी ५ सेंमी मोकळी जागा, २२ सेंमी स्वतः एचएस५. एकूण ३७ सेंमी, खड्डा २३०च्या आसपास, आणि तिथे ते पॅनेल चांगलं काम करतं. भिंतीजवळ आल्याने वाढलेला बास मागच्या 'रूम कंट्रोल' बटणाने २ किंवा ४ डेसिबल उतरवा. ते बटण त्यासाठीच आहे.

दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू सुमारे ११५ सेंमी. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला. मग ४० ते १२० हर्ट्झचा हळू चढणारा सूर लावा, पंखा बंद करा आणि खुर्ची चार-चार इंच पुढे-मागे सरकवत ऐका. जिथे चढउतार सगळ्यांत कमी, तिथे जमिनीवर टेप मारा.

पॅनेल

घनमीटरला ४८ किलो घनतेचे, ५० मिमी जाडीचे, एक मीटर बाय ६० सेंमीचे रॉकवूल स्लॅब दोन-दोन एकत्र करून लाकडी चौकटीत बसवा. नऊ पॅनेलना अठरा स्लॅब लागतील. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. खाज दोन दिवस जात नाही. वरून लावायचं कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा पलीकडे गेली तर चालेल. रेक्झिन बाद.

चार पॅनेल दोन कोपऱ्यांत उभी तिरपी, प्रत्येक कोपऱ्यात एकावर एक दोन. दोन स्पीकरमागे, दोन बाजूंना, एक डोक्यावर. बाजूची जागा आरशाने शोधा: खुर्चीत बसून, दुसऱ्याने भिंतीवर सरकवलेल्या आरशात ट्वीटर दिसला की तीच जागा. बाजूची आणि छताची पॅनेल भिंतीला चिकटवू नका, मागे १० सेंमी हवा सोडली की खालपर्यंत काम करतात. मुंबई-कोकणात ही फट आणखी एका कारणाने हवी, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकलेलं कापड बुरशी धरतं. छताचं पॅनेल अँकर फास्टनरने लटकवा, डबल टेपने नव्हे. त्यातलं नुसतं रॉकवूलच तीन किलोचं असतं. पाठीमागच्या भिंतीला घरची जुनी कापसाची गादी उभी करा, उत्तम चालते.

गाणं रेकॉर्ड करताना हीच गादी गायकाच्या पाठीमागे हवी. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर गायकामागची भिंत असते. माइकच्या मागे लावायच्या अर्धगोल फोमच्या ढाली त्या भिंतीचं काहीच करत नाहीत.

मोजमाप

रूम ईक्यू विझार्ड हे खोली मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजणीचा माइक कोणाकडून तरी मागून आणा. तो कानाच्या जागी ठेवून स्वीप (खालून वर चढणारा सूर) घ्या. ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) सगळ्यांत शेवटी, आणि फक्त उसळ्या कापायला. खड्डा भरायला ६ डेसिबल वाढवलेत तर परतणारी लाटही तेवढीच वाढते, खड्डा जागच्या जागी राहतो आणि वूफर बिचारा फुकट धापा टाकतो. खड्डा दिसला तर परत खुर्ची सरकवा.