अमेरिकेतून सोलापूरला राहायला येताना: विमा, कर आणि दिवसांचा हिशेब

आमच्या जुळे सोलापुरातल्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाच्या खाड्याला आई निळ्या पेनाने फुली मारते आणि मी लाल पेन्सिलीने तारखेभोवती गोल काढते. लाल गोल म्हणजे अमेरिकेबाहेर घालवलेला एक पूर्ण दिवस. नानांच्या आजारपणामुळे जून २०२३ मध्ये आम्ही कॅलिफोर्नियातून इथे राहायला आलो, तेव्हापासून हा नेम आहे. मी, नवरा आणि मुलगा, तिघंही अमेरिकन नागरिक, इथे ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर, राहतो. पुढच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीहून याच वाटेने येणार आहे. रोज रात्री त्याचा एक नवा प्रश्न येतो, आणि त्याला दिलेली उत्तरं जोडत ही यादी झाली. सोलापुरातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

सगळ्यात आधी विमा नसल्याच्या दंडाची भीती नीट समजून घ्या, कारण तिच्यापायी लोक नको ते खर्च करतात. ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा २०१० सालचा. २०१४ पासून विमा नसेल तर करासोबत दंड भरावा लागे. २०१६ ते २०१८ या वर्षांत तो माणशी ६९५ डॉलर, मुलांना निम्मा, किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, यातली मोठी रक्कम असा होता. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून ही रक्कम शून्य झाली. म्हणजे केंद्र सरकारचा दंड आज कोणालाच नाही, तुम्ही सोलापुरात राहा की शिकागोत. शिवाय दंड होता त्या काळातही परदेशात राहणाऱ्या नागरिकांना त्यातून सूट होतीच. २०१४ ते २०१८ मधलं एखादं रिटर्न भरायचं राहिलं असेल, तरच त्या जुन्या आकड्यांकडे आणि सूट मागायच्या त्या वेळच्या ८९६५ फॉर्मकडे बघावं लागतं.

पण राज्यांचा दंड वेगळा, आणि तो जिवंत आहे. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि राजधानी वॉशिंग्टन इथे विमा नसल्यास राज्याच्या रिटर्नमध्ये दंड लागतो. कॅलिफोर्नियात २०२४ साली तो प्रौढामागे किमान ९०० डॉलर आणि मुलामागे ४५० होता. त्यामुळे या ठिकाणांहून निघणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. निघण्याच्या महिन्यापर्यंत विमा होता याचा कागद हवा, आणि त्यानंतर आपण त्या राज्याचे रहिवासी उरलो नाही हे दाखवणारे कागद हवेत. घर विकल्याचा किंवा भाडेकरार संपल्याचा कागद, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, गाडी विकल्याची पावती, सामान पाठवल्याचं बिल, इथल्या शाळेच्या प्रवेशाची पावती. कॅलिफोर्नियाच्या ३८५३ फॉर्मवर महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात. कोणत्या महिन्यात विमा होता आणि कोणत्या महिन्यात परदेशवासाची सूट, हे तिथे लिहावं लागतं. आठवणीवर विसंबून त्या चौकटी भरता येत नाहीत.

निघण्याच्या वेळच्या मोकळ्या दिवसांबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. नवऱ्याची नोकरी मे २०२३ अखेर संपली आणि कंपनीचा विमा ३१ मेला बंद झाला. विमान १४ जूनचं. मधले दोन आठवडे असेच निघून जातील असं आम्ही धरलं होतं. ३ जूनला मुलगा बागेत स्केटबोर्डवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. इमर्जन्सीत त्याच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून नोकरी सोडताना मिळालेली कागदांची जाडजूड फाइल उलटत होते. त्यात कोब्राचं पत्र सापडलं. नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवण्याची ती सोय. हो-नाही कळवायला ६० दिवस मिळतात, आणि हो म्हटलं की विमा मागच्या तारखेपासून, बंद झाला त्या दिवसापासून जोडला जातो. हप्ता मात्र पूर्ण आपला, कंपनीचा वाटा आणि वर दोन टक्के धरून. आम्ही एका महिन्याचा हप्ता भरला आणि हॉस्पिटलचं बिल विम्यात बसलं. भावाला मी सांगितलंय, ते पत्र सामानाच्या खोक्यात जाऊ देऊ नकोस, हातातल्या बॅगेत ठेव. विमा ओबामांच्या कायद्यातून आलेल्या सरकारी बाजारपेठेतून घेतला असेल तर निघताना तो स्वतः बंद करावा लागतो, आपोआप बंद होत नाही. हप्त्यात सरकारी सवलत घेतली असेल, तर परदेशी गेल्यानंतरच्या महिन्यांची सवलत रिटर्न भरताना परत करावी लागू शकते.

आता लाल गोलांकडे येते. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही मिळालेल्या उत्पन्नाचं रिटर्न अमेरिकेत भरावं लागतं. सोलापुरात राहून पगार किंवा धंद्याचं उत्पन्न मिळवलं, तर त्यातली मोठी रक्कम २५५५ फॉर्म भरून करातून वगळता येते. २०२५ सालासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर आहे. त्यासाठी दोनपैकी एक कसोटी उतरावी लागते: सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात, किंवा पूर्ण कर-वर्षभर परदेशातलं खरंखुरं वास्तव्य. ज्या नागरिकाला ही कसोटी लागू होते, त्याच्याकडे विमा असल्याचंच केंद्राच्या कायद्यात धरलं जातं. म्हणून दिवसांचा एकच हिशेब दोन्हीकडे उपयोगी पडतो.

पूर्ण दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. आम्ही १४ जूनला रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून थेट विमानाने निघालो आणि १६ तारखेला मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलो. हिशेब कडक राहावा म्हणून पहिला पूर्ण दिवस आम्ही १७ जून धरला. समुद्रावर गेलेला वेळ परदेशात धरत नाहीत, आणि अमेरिकेत पाय ठेवलेला दिवस तर गेलाच. वर्षातले जेमतेम ३५ दिवस हाताशी उरतात. त्यात चुलतबहिणीचं एडिसनमधलं लग्न, नवऱ्याची कामाची फेरी, बँकेचं एखादं काम, सगळं बसवायचं. गेल्या वर्षी तिकीट काढायच्या आधी आई म्हणाली, "अगं, परत एकदा मोज." आम्ही दोघींनी गोल मोजले आणि परतीचं तिकीट चार दिवस अलीकडे घेतलं. कालनिर्णयावर खुणा करा किंवा वहीत लिहा, पण बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बारा महिने जानेवारीपासूनच धरावेत असंही नाही, कुठल्याही तारखेपासून धरता येतात. पहिल्या वर्षी रिटर्नच्या मुदतीपर्यंत ३३० दिवस भरलेलेच नसतात. तेव्हा २३५० फॉर्म भरून मुदत वाढवून घ्यायची असते. परदेशात राहणाऱ्यांना एरवीही १५ एप्रिलऐवजी १५ जूनपर्यंत वेळ मिळतो, पण कर देणं लागत असेल तर त्यावरचं व्याज एप्रिलपासूनच सुरू होतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: "इतके दिवस बाहेर आहे, म्हणजे रिटर्नच भरायला नको." उत्पन्न ठरावीक मर्यादेवर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. वगळणूक रिटर्नमध्येच मागावी लागते. स्वतःचा व्यवसाय असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे उत्पन्न वगळलं तरी १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर, म्हणजे तिकडच्या सामाजिक सुरक्षेची वर्गणी, तिकडे लागतोच. माझी शिवणकामाच्या डिझाइनची थोडी कामं चालतात, तेव्हा हे मला दर तिमाहीला जाणवतं.

खात्यांबद्दल थोडक्यात. भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरायचा. नवी पेठेतल्या शाखेतलं आईबरोबरचं संयुक्त खातंही त्यात येतं, मग पैसे तिचे असले तरी. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिकडे नाही. भारतीय म्युच्युअल फंड घ्यायच्या आधी अमेरिकन कर जाणणाऱ्या माणसाला विचारा. अशा परदेशी फंडांसाठी लागणाऱ्या ८६२१ फॉर्मची कटकट आणि चढा कर यामुळे मी ते घेतलेले नाहीत. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि तिकडचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून मुदत ठेवींच्या व्याजाचा आणि टीडीएसचा दाखला बँकेकडून तिमाहीप्रमाणे मागून घ्या. दोन्हीकडे भरलेल्या कराची सांगड घालणं मग सोपं जातं. बरीच वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला भारतात पहिली दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो, आणि त्या काळात तिकडच्या उत्पन्नावर इथे साधारणपणे कर लागत नाही. सीएशी पहिली भेट याच विषयावर घ्या.

दंड नाही म्हणून विमा नको, असं मात्र कृपा करून धरू नका. कायदा मागत नाही, पण आजारपण मागतं. भारतातली पॉलिसी निघण्याआधी, तिकडे असतानाच घेता आली तर घ्या. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, आणि तो पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून मोजला जातो. उतरल्यावर घ्यायची म्हणून थांबलात तर तेवढे महिने वाया गेले. ओसीआयधारकांसाठी कोणते कागद लागतात ते प्रत्येक कंपनीला लेखी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झाला. काही पॉलिसींत शहरांचे गट असतात. सोलापूरच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरावीक टक्का आपल्याला भरावा लागतो. सोलापूरकर मोठ्या ऑपरेशनला पुण्याला किंवा हैदराबादला जातात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ही अट वाचल्याशिवाय सही करू नका. कॅशलेस हॉस्पिटलांच्या यादीत सोलापुरातली कोणती आहेत, तेही फोन करून विचारा. छापील यादी जुनी असू शकते.

आणि फॉर्मवर खरं लिहा. माझ्या मावशीला एका एजंटाने सांगितलं होतं, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढतो." दीड वर्षाने पायाच्या जखमेसाठी ती अकरा दिवस दवाखान्यात होती आणि कंपनीने क्लेम नाकारला. तो कागद हातात धरून ती पलंगावर बसली होती, ते मला अजून दिसतं. मधुमेह, रक्तदाब, जुनी ऑपरेशनं, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नोंदी, सगळं जोडा. तिकडच्या औषधांची मूळ रासायनिक नावं लिहून आणा, कारण ब्रँडची नावं इथल्या मेडिकलमध्ये कळत नाहीत. आई-वडील भारतीय नागरिक असतील आणि सत्तरी ओलांडली असेल, तर आधार दाखवून आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. आपल्याला, म्हणजे ओसीआयवाल्यांना, ते नाही.

तिकडचं आरोग्य बचत खातं, एचएसए, बंद करू नका. त्यात नवी भर घालता येणार नाही, पण साठलेले पैसे सोलापुरातल्या डॉक्टरांच्या बिलालाही करमुक्त वापरता येतात. पावत्या जपा.

पासष्टीच्या आसपासच्या मंडळींचा प्रश्न सगळ्यात अवघड. आमच्या गल्लीतले एक काका तीस वर्षं तिकडे राहून परतले. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतर मिळणारा तिकडचा सरकारी विमा, भारतात पैसे देत नाही. त्यातला पार्ट ए, हॉस्पिटलात राहण्याचा, दहा वर्षं काम केलेल्यांना फुकट, ते घेऊन ठेवावं. पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता. वेळेत घेतलं नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दहा टक्के, तेही जन्मभर. दोन वर्षं थांबलात तर १८५ चे २२२ होतात. काकांची मुलं तिकडे आहेत आणि मोठ्या आजारात ते तिकडेच जाणार, म्हणून ते हप्ता भरत आहेत, आणि मला ते बरोबर वाटतं. कायमचं इथेच राहायचं पक्कं असेल, तर त्या हिशेबाने वर्षाचे २,२२० डॉलर इथल्या चांगल्या पॉलिसीत आणि ठेवीत घातलेले बरे.

ग्रीन कार्डवाल्यांनी वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर अमेरिकेत असतानाच पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा. भावाची बायको अजून ग्रीन कार्डावर आहे, म्हणून हे काम त्याच्या यादीत अगदी वर आहे.

मधल्या फेऱ्यांसाठी प्रवास विमा घ्या. इथली पॉलिसी साधारणपणे भारतातल्याच उपचारांना असते. आणि कायमचं परत जायची वेळ आली, तर परदेशातून राहायला आल्याच्या दिवसापासून ६० दिवसांत सरकारी बाजारपेठेतून विमा घेता येतो. आधी विमा होता का, हे अशा वेळी विचारत नाहीत, पण आल्याची तारीख दाखवावी लागते. तेव्हा तो शेवटचा बोर्डिंग पासही फेकू नका.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, तिकडून डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) आणि १०९५ (विम्याचा दाखला) यायला लागतात. भावाला सांगून ठेवलंय, निघण्याआधी सगळीकडे पत्ता बदल आणि जमेल तिथे कागद ऑनलाइन मागव. आमचा पहिल्या वर्षीचा १०९५ जुन्या घराच्या पेटीत पडून राहिला होता आणि नव्या भाडेकरूने तो एप्रिलमध्ये फोटो काढून पाठवला.